सनद कीं वहिवाट? — योहान स्वेर्द्रुप याच्या कारकीर्दीचें परीक्षण

योहान स्वेर्द्रुप (१८१६–१८९२) या नॉर्वेजियन वकिलाचें नांव आमच्या वाचकांपैकीं थोड्यांच्याच परिचयाचें असेल. नॉर्वेच्या इतिहासांत मात्र त्याचें स्थान पहिल्या पंक्तींतलें आहे. राजाच्या मर्जीनें चालणारें मंत्रिमंडळ लोकप्रतिनिधींच्या बहुमतापुढें नमविणारा पुरुष तो हाच, आणि हें ज्या वर्षीं घडलें तें वर्ष १८८४ होय, अशी तेथील सर्वमान्य समजूत आहे. "सर्व सत्ता या सभागृहांत" ही घोषणा त्याच्या नांवाशीं कायमची जडून गेली आहे. त्याचें समग्र चरित्र देण्याचा आमचा हेतु नाहीं. १८८४ या सालास जें महत्त्व मिळालें आहे त्यास आधार म्हणून कोणता कागद दाखवितां येतो, आणि तसा कागद नसेल तर या वकिलाच्या कर्तबगारीचें मोल कसें करावें, एवढाच प्रश्न आम्हीं येथें घेतला आहे.

प्रश्न परदेशचा असला तरी आमच्या संग्राहक मंडळीस तो परका वाटूं नये. जुन्या कागदांत वावरणाऱ्यास दोन मोह नेहमींच पडतात. ज्याची सनद सांपडत नाहीं तें घडलेंच नाहीं, असें म्हणण्याचा मोह हा पहिला. दुसरा याच्या उलट. जें घडलें म्हणून सर्वजण सांगतात त्याची सनद असलीच पाहिजे असें गृहीत धरावयाचें, आणि हातीं लागलेल्या एखाद्या जवळपासच्या कागदासच ती सनद ठरवून मोकळें व्हावयाचें. स्वेर्द्रुपच्या कारकीर्दीचा विचार करतांना हे दोन्ही मोह वाटेंत उभे आहेत, आणि दुसऱ्याला बळी पडणें विशेष सोपें आहे.

आरंभीं मूळ दस्तऐवज पाहूं. १८१४ च्या जानेवारींत कील येथील तहानें डेन्मार्कच्या राजानें नॉर्वे देश स्वीडनच्या राजास तोडून दिला. नॉर्वेच्या लोकांनीं हा व्यवहार मान्य न करितां आइड्सव्हॉल येथें सभा भरविली व १७ मे १८१४ रोजीं आपली स्वतंत्र राज्यघटना मुक्रर केली. त्याच उन्हाळ्यांत स्वीडनशीं थोडे दिवस युद्ध झालें. नंतर ४ नोव्हेंबर रोजीं तीच घटना, संयोगापुरते फेरफार करून, कायम झाली. राजा दोन्ही देशांचा एक, परंतु नॉर्वेचे कायदे, मंत्री व प्रतिनिधिसभा निराळीं, अशी ती व्यवस्था होती. या प्रतिनिधिसभेस स्टोर्टिंग म्हणतात. घटनेनें कारभार राजाकडे व कायदा आणि कर स्टोर्टिंगकडे दिले होते. मंत्री राजानें निवडावयाचे. त्यांनीं स्टोर्टिंगमध्यें बसावयाचें नाहीं. स्टोर्टिंगची नियमित बैठक तीन वर्षांतून एकदां भरावयाची.

या दस्तऐवजांत दोन कलमें ध्यानांत ठेवण्याजोगीं आहेत. साध्या कायद्याविषयीं ७९ वें कलम स्पष्ट सांगतें कीं, राजानें मंजुरी नाकारली तरी तोच कायदा ओळीनें तीन निवडणुकांनंतरच्या तीन स्टोर्टिंगांनीं मंजूर केल्यास तो राजाच्या मंजुरीवांचून कायदा होतो. घटनेंत दुरुस्ती कशी करावी हें निराळें कलम सांगतें, परंतु त्या दुरुस्तीस राजाची मंजुरी हवी कीं नको याविषयीं तें एक अक्षरहि बोलत नाहीं. लिहिणाऱ्यांचें हें मौन साठ वर्षें कोणास फारसें बोंचलें नाहीं. पुढें त्याच मौनावर सर्व राष्ट्राचा खटला उभा राहिला.

स्वेर्द्रुपचा जन्म ३० जुलै १८१६ रोजीं यार्ल्सबर्ग येथें झाला. त्याचा बाप तेथील जमिनीचा कारभारी असून शेतकीचें शिक्षण देणारी शाळा काढणारा सुधारक होता. चुलता गेओर्ग स्वेर्द्रुप हा भाषापंडित. तो आइड्सव्हॉलच्या सभेचा सभासद असून सभा आटोपली त्या वेळीं तिचा अध्यक्ष होता, आणि पुढें क्रिस्तियानिया येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा पहिला प्रमुखहि तोच झाला. घटना ज्या पिढीनें लिहिली तिची ओळख पुतण्यास अशी घरांतूनच होती. योहान १८४१ मध्यें कायद्याची परीक्षा उतरला, लार्विक या समुद्रकांठच्या गांवीं वकिली करूं लागला, आणि १८५१ मध्यें स्टोर्टिंगचा सभासद झाला. तेव्हांपासून १८८४ पर्यंत त्याचें आयुष्य बहुतेक त्या सभागृहांतच गेलें. १८७१ पासून पुष्कळ काळ तो सभेचा अध्यक्षहि होता.

वकिलीचा धंदा सोडून राजकारणांत शिरलेले पुरुष त्या काळीं नॉर्वेंत अनेक होते. त्याचा प्रमुख प्रतिपक्षी फ्रेडरिक स्तांग हा देखील मुळांत कायदेपंडित व वकीलच. स्तांग १८४५ मध्यें अंतर्गत कारभाराचा मंत्री झाला, १८६१ पासून सरकारचा धुरीण राहिला, आणि १८७३ मध्यें पंतप्रधान ही पदवी निर्माण झाली तेव्हां क्रिस्तियानियांतील पहिला पंतप्रधान झाला. आगगाड्या, रस्ते व तारायंत्रें हीं ज्या काळांत वाढलीं त्या काळाचा कारभार बव्हंशीं त्याच्या हातीं होता. तेव्हां हा झगडा ज्ञानी अधिकारी व अडाणी लोक यांचा होता, असें समजण्यांत अर्थ नाहीं. एकच दस्तऐवज दोन वकील दोन बाजूंनीं वाचीत होते, असें म्हटलें तर तें सत्यास अधिक धरून होईल.

स्वेर्द्रुपला लवकरच उमगलें कीं, एकटा वकील कितीहि बोलला तरी स्टोर्टिंगमध्यें मतें मिळतात तीं शेतकऱ्यांच्या बाकांवरून. १८५९ मध्यें त्यानें सुधारणासंघ उभारण्याचा यत्न केला. सभासदांनीं आगाऊ विचार ठरवून एकजुटीनें मत द्यावें ही त्यामागील कल्पना. त्या काळच्या समजुतीप्रमाणें प्रतिनिधीनें आपली सदसद्विवेकबुद्धि गहाण टाकणें हा मोठा दोष होता, आणि तो संघ टिकला नाहीं. पुढें सोरेन योबेक या शेतकरीपुढाऱ्याशीं त्यानें जुळवून घेतलें. योबेकनें १८६५ पासून गांवोगांव शेतकरीमित्रमंडळें स्थापिलीं होतीं व सरकारी खर्चाच्या पै-पैचा तो हिशेब मागत असे. शहरी वकील व काटकसरी शेतकरी यांच्या या जोडीवर पुढील सर्व इमारत रचली गेली.

स्वेर्द्रुपचें मोठें चरित्र हाल्वदान कूत यांनीं तीन खंडांत लिहिलें. तें १९१८ पासून १९२५ पर्यंत प्रसिद्ध झालें. कूत हे इतिहासाचे प्राध्यापक व मजूरपक्षाचे राजकारणी. १९३५ ते १९४० या काळांत ते नॉर्वेचे परराष्ट्रमंत्रीहि होते. एकेक वर्ग खालून वर येतो व राष्ट्रांत सामील होतो, हें त्यांच्या इतिहासलेखनाचें मुख्य सूत्र. या सूत्राचा लाभ असा कीं, सभागृहाबाहेरील शेतकरी इतिहासांत दिसूं लागतो, आणि स्वेर्द्रुपचा जय हा केवळ वक्तृत्वाचा चमत्कार राहत नाहीं. परंतु याच सूत्राची दुसरी बाजू अशी कीं, वर्गाच्या लाटेकडे पाहतांना कलमाकडे दुर्लक्ष होतें. शेतकऱ्यांच्या लाटेनें मंत्रिमंडळ कां पडलें हें समजतें. तें १८८४ मध्येंच व खटल्याच्याच मार्गानें कां पडलें, आणि पडल्यावर हक्काचा निवाडा कां झाला नाहीं, हें मात्र लाटेवरून समजत नाहीं. तेथें वकिलाकडे वकील म्हणूनच पाहावें लागतें.

येन्स आरुप साइप यांनीं १९४५ च्या आपल्या ग्रंथांत उलट बाजू घेतली. पडत्या राजवटीचें अंतरंग, म्हणजे स्तांगच्या मंत्रिमंडळाचा विचार व व्यवहार, त्यांनीं तपासला. १८१४ ते १८८४ या काळास अधिकाऱ्यांचें राज्य असें म्हणण्याचा प्रघात मुख्यतः साइप यांच्या लेखनामुळें रूढ झाला. पराभूत पक्षाचें दफ्तर उघडणें हें इतिहासकाराचें कर्तव्यच होय, आणि तें त्यांनीं उत्तम बजावलें. तथापि या नांवांतहि १८८४ ही शेवटची शीव धरलेलीच आहे. कूत विजयाकडून येवोत कीं साइप पराजयाकडून, दोघेहि त्याच दगडापाशीं थांबतात. तेव्हां त्या दगडावर काय कोरलें आहे हें पाहणें प्राप्त आहे.

१८६९ मध्यें घटनादुरुस्ती होऊन १८७१ पासून स्टोर्टिंग दरसाल भरूं लागली. तीन वर्षांतून एकदां येऊन हिशेब पाहणारी सभा आतां कारभारावर दरवर्षीं डोळा ठेवूं लागली. यानंतर १८७२ मध्यें स्टोर्टिंगनें दुसरी दुरुस्ती मंजूर केली: मंत्र्यांनीं सभागृहांत येऊन चर्चेंत भाग घ्यावा. या दुरुस्तीचा पूर्वेतिहास मोठा बोधप्रद आहे. हीच सूचना पूर्वीं सरकारपक्षाकडून पुनःपुन्हां आली होती, कारण मंत्री सभेंत आले तर आपल्या विद्वत्तेनें सभेस वळवितील, असा त्या पक्षाचा भरंवसा होता. आणि त्याच भीतीनें शेतकरी तिला विरोध करीत. सभा दरसाल भरूं लागतांच दोन्ही पक्षांनीं जागा बदलल्या. आतां मंत्री सभेंत आले तर सभा त्यांस जाब विचारील हें दोघांसहि कळून चुकलें. सूचनेचा आशय तोच राहिला, भोंवतालचें बळ मात्र फिरलें. केवळ शब्दांवरून दस्तऐवजाचा अर्थ लावणाऱ्यानें हें उदाहरण जवळ बाळगावें.

राजानें मंजुरी नाकारली. स्टोर्टिंगनें तीच दुरुस्ती १८७४, १८७७ व १८८० मध्यें पुनःपुन्हां मंजूर केली. राजानें, आतां गादीवर आलेल्या दुसऱ्या ऑस्करनें, ती पुनःपुन्हां नाकारली. तेव्हां ९ जून १८८० रोजीं स्वेर्द्रुपच्या सूचनेवरून स्टोर्टिंगनें ७४ विरुद्ध ४० मतांनीं असा ठराव केला कीं, ही दुरुस्ती राजाच्या मंजुरीवांचूनच घटनेचा भाग झालेली आहे. येथें घटनेच्या त्या मौनाचे तीन अर्थ समोरासमोर उभे राहिले. एका पक्षाचें म्हणणें, घटना हा राजा व प्रजा यांमधील करार असल्यामुळें राजाच्या संमतीवांचून तींत एक शब्दहि बदलतां येत नाहीं. क्रिस्तियानिया विद्यापीठाच्या विधिशाखेनें १८८१ मध्यें हेंच मत दिलें. दुसऱ्याचें म्हणणें, साध्या कायद्यास लागू असलेला तीन वेळांचा नियम येथेंहि लावावा. तिसऱ्याचें म्हणणें, राजाची मंजुरी हवी असती तर कलमानें तसें सांगितलें असतें; ज्या अर्थीं सांगितलें नाहीं त्या अर्थीं ती मुळींच नको.

या तिन्हीं अर्थांत कोणता बरोबर, हें आज ठरविण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. तिघांसहि वकिली आधार होता. ९ जूनच्या ठरावांतील कौशल्य असें कीं, ज्यास दुसरा अर्थ मान्य त्यासहि तो मत देऊं शके, कारण तीन वेळांची अट पुरी होऊन गेली होती. आणि ज्यास तिसरा मान्य त्यासहि. दोन निरनिराळ्या कारणांनीं चालणाऱ्या माणसांस एकाच दारांतून बाहेर काढणें हें मुरब्बी वकिलाचें काम होय.

पुढील पायरी महाभियोगाची. घटनेप्रमाणें स्टोर्टिंग आपल्यांतून चौथा हिस्सा सभासद निवडून त्यांचें लागटिंग नांवाचें मंडळ करी. उरलेले तीन हिस्से तें ओडेल्सटिंग. मंत्र्यांवर खटला भरावयाचा ओडेल्सटिंगनें, व तो चालवावयाचा लागटिंगचे सभासद व सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश यांनीं मिळून. १८८२ च्या निवडणुकींत विरोधी पक्षास मोठें बहुमत मिळालें आणि त्यानें लागटिंगमध्यें आपलींच माणसें बसविलीं. १८८३ मध्यें पंतप्रधान सेल्मर व त्याचे सहकारी यांवर खटला उभा राहिला. आरोप तीन होते: ९ जूनच्या ठरावाची अंमलबजावणी न करणें, लोकांच्या नेमबाजी-संघांस मंजूर झालेली रक्कम अडविणें, आणि रेल्वेच्या मध्यवर्ती कारभाराविषयींचा स्टोर्टिंगचा निर्णय न मानणें. २७ फेब्रुवारी १८८४ रोजीं सेल्मर दोषी ठरून पदभ्रष्ट झाला.

या प्रकरणीं स्वेर्द्रुपच्या स्तुतिपाठकांशीं आमचा मतभेद आहे. ज्या न्यायासनावर वादीचेच मित्र बहुसंख्य बसविले आहेत त्याच्या निकालास न्याय म्हणणें कठीण. हें सर्व घटनेच्या शब्दांस धरून झालें, हें खरें; परंतु शब्दांस धरून झालें एवढ्यानें तें निष्पक्ष ठरत नाहीं. उलट, ज्यांनीं या खटल्यास केवळ दडपशाही म्हटलें त्यांनींहि एक गोष्ट विसरूं नये. राजाकडे लष्कर होतें, विधिशाखेचा अभिप्राय होता, आणि बळाचा उपयोग करण्याची कुजबुजहि त्या काळीं होती; तरी त्यानें निकालापुढें मंत्र्यांस जाऊं दिलें. झगडा कायद्याच्या आवारांतच राहिला, याचें श्रेय दोन्ही बाजूंस आहे. मात्र सेल्मरचा राजीनामा स्वीकारतांनाच राजानें १८८४ च्या मार्चांत असें जाहीर केलें कीं, या निकालानें आपल्या नकाराधिकारास बाध येत नाहीं. म्हणजे ज्या कागदास कोणी सनद म्हणूं जाईल त्याच कागदाच्या पाठीवर प्रतिपक्षाची हरकत नोंदलेली आहे.

त्यानंतर एप्रिलपासून श्वाइगोर याचें मंत्रिमंडळ आलें. तें तीन महिनेहि टिकलें नाहीं. प्राध्यापक ब्रोक यांनीं मध्यममार्गी मंत्रिमंडळ बनविण्याचा यत्न केला, तोहि फसला. शेवटीं २६ जून १८८४ रोजीं स्वेर्द्रुप पंतप्रधान झाला. हीच ती प्रसिद्ध तारीख. परंतु कोणत्या अटीवर? मंत्र्यांच्या उपस्थितीची दुरुस्ती थोड्या फेरफारानें नव्यानें मंजूर व्हावी व तीस राजानें मंजुरी द्यावी, या अटीवर. तसेंच झालें. चार वर्षांपूर्वीं राजाच्या मंजुरीवांचूनच घटनेचा भाग झाली म्हणून जी दुरुस्ती स्वेर्द्रुपनें जाहीर करविली, आणि जी न मानल्याबद्दल मंत्री पदभ्रष्ट झाले, तीच त्यानें पंतप्रधान होतांच राजाच्या मंजुरीसाठीं पुढें केली.

आमच्या मतें स्वेर्द्रुपच्या साऱ्या कारकीर्दीचा उलगडा या एका व्यवहारांत आहे. वकिलाच्या भाषेंत सांगावयाचें तर त्यानें कबजा घेतला आणि मालकीचा निवाडा सोडून दिला. राजा म्हणूं शकला, माझा अधिकार अबाधित आहे, कारण दुरुस्ती माझ्या मंजुरीनें झाली. स्टोर्टिंग म्हणूं शकली, आमच्या बहुमताचा पुढारी पंतप्रधान आहे, याहून निवाडा तो कोणता? तत्त्वाचा प्रश्न जसाच्या तसा राहिला. मंत्रिमंडळ बहुमताचें असलें पाहिजे असें सांगणारा ठराव, कलम किंवा राजाज्ञा १८८४ मध्यें निघाली नाहीं. कोर्टाबाहेर तडजोड झालेल्या दाव्यांत हुकूमनामा शोधूं नये.

पुढील पांच वर्षांची हकीकत याच दृष्टीनें वाचावी. स्वेर्द्रुपच्या मंत्रिमंडळाचें कार्य लहान नाहीं. १८८४ मध्येंच मतदानाचा हक्क कांहींसा रुंदावला. १८८५ मध्यें लष्कराची नवी व्यवस्था झाली. १२ मे १८८५ रोजीं स्टोर्टिंगनें ग्रामीण बोलींवरून घडविलेल्या राष्ट्रभाषेस पुस्तकी भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. १८८७ मध्यें फौजदारी खटल्यांत ज्यूरी आली. आणि १८८९ मध्यें प्राथमिक शाळांचा कायदा झाला. पण पक्ष फुटला. अलेक्झांडर किएलान या कादंबरीकारास वर्षासन द्यावें कीं नाहीं या वादांत धार्मिक वृत्तीचे शेतकरी व शहरी उदारमतवादी एकमेकांपासून तुटले. स्वेर्द्रुपचा पुतण्या याकोब स्वेर्द्रुप मंत्रिमंडळांत असून त्याच्या चर्चविषयक धोरणानें ती फट रुंदावली. १८८८ मध्यें डाव्या पक्षाचे शुद्ध व मवाळ असे दोन तुकडे झाले. स्वेर्द्रुपच्या पाठीशीं उरलेला तुकडा सभागृहांत अल्पसंख्य होता. तरी तो खुर्चीवर राहिला.

याच काळांतील एक दुःखद प्रकरण कागदपत्रें जमविणारांनीं विशेष लक्षांत ठेवावें. ओले रिश्टर हा स्वेर्द्रुपचा जुना सहकारी, तोहि कायद्याचा अभ्यासी, स्टॉकहोम येथें नॉर्वेचा मंत्री होता. स्वेर्द्रुपच्या जागीं दुसरा आणावा या खटपटींत कवि ब्यर्नसन पडला होता, आणि रिश्टरशीं झालेला खाजगी व्यवहार त्यानें वर्तमानपत्रांतून उघड केला. रिश्टरला पद सोडावें लागलें व १५ जून १८८८ रोजीं त्यानें आत्महत्या केली. ब्यर्नसनचें १८९८ चें नाटक, 'पाउल लांग व तोरा पार्सबर्ग', याच घटनेवरून स्फुरलें आहे. खाजगी पत्र इतिहासास मोलाचें असतें, परंतु लिहिणारा जिवंत असतां तें बाजारांत मांडणें म्हणजे इतिहास नव्हे. नाटकावरून रिश्टरचा किंवा स्वेर्द्रुपचा स्वभाव ठरविणारानेंहि सावध असावें. दहा वर्षांनंतरची ती एका पक्षकाराचीच जबानी आहे.

१८८९ च्या जुलैंत उजव्या पक्षाच्या एमिल स्तांगनें — तो फ्रेडरिकचा पुत्र — अविश्वासाच्या ठरावाचें शस्त्र उगारलें, आणि स्वेर्द्रुप पदावरून उतरला. १७ फेब्रुवारी १८९२ रोजीं तो वारला. शुद्ध डाव्यांनीं त्यास विश्वासघातकी म्हटलें. आम्ही तसें म्हणत नाहीं. बहुमत गेल्यावर वर्षभर चिकटून राहिला हें त्याच्या घोषणेस शोभलें नाहीं, हें उघड आहे. परंतु अखेरीस तो ज्या भयानें उतरला तें भय राजाचें नसून सभागृहांतील मतांचें होतें. १८८४ पूर्वींच्या मंत्र्यास हें भय माहीत नव्हतें. आपण घातलेल्या वहिवाटीस प्रथम बळी पडणारा मंत्री तो स्वतःच ठरला, आणि त्या वहिवाटीचा याहून सबळ साक्षीदार मिळणें नाहीं.

वहिवाटीस अडथळेहि झाले. १८९३ मध्यें राजानें एमिल स्तांग यास बहुमत नसतां पंतप्रधान केलें, व तें मंत्रिमंडळ १८९५ पर्यंत चाललें. १८८४ मध्यें नियम पक्का झाला असता तर हें घडतें ना. पुढें १९०५ चें साल आलें. परदेशांत नॉर्वेचे स्वतंत्र वकील नेमण्याच्या कायद्यास राजानें मंजुरी नाकारली. मंत्र्यांनीं त्या नकारावर सही करण्याचें साफ नाकारून राजीनामे दिले. आणि सध्यां दुसरें मंत्रिमंडळ बनवितां येणें शक्य नाहीं, असें म्हणून राजानें ते स्वीकारले नाहींत. ७ जून १९०५ रोजीं स्टोर्टिंगनें हाच धागा पकडला. राजास मंत्रिमंडळ बनवितां येत नाहीं, सबब घटनेंतील राजसत्ता चालेनाशी झाली, सबब एका राजाखालीं असलेला स्वीडनशीं संयोग संपला, असा तो ठराव आहे. त्या वेळचा पंतप्रधान क्रिस्तियान मिकेल्सन हा देखील वकीलच.

या ठरावाची वाक्यरचना संशोधकांनीं बारकाईनें पाहावी. संयोग मोडल्याचें विधान त्यांत जणूं ओघानें येतें; सगळा भार आधीच्या गृहीतावर आहे. सभेचा विश्वास नसलेलें मंत्रिमंडळ राजा नेमूं शकत नाहीं, हें गृहीत धरल्याशिवाय तो युक्तिवाद एक पाऊलहि चालत नाहीं. १८८४ मध्यें जें कोणीं लिहून दिलें नव्हतें तें १९०५ मध्यें सर्वांस ठाऊक असलेली गोष्ट म्हणून, सिद्ध न करितां, वापरलें गेलें. ज्या हक्काचा कोणी पुरावा मागत नाहीं तो हक्क पक्का झाला असें समजावें. आणि सनद? ती फार उशिरां आली. स्टोर्टिंगनें अविश्वास दाखविलेल्या मंत्र्यानें राजीनामा दिलाच पाहिजे, असें कलम नॉर्वेच्या घटनेंत २००७ मध्यें घातलें गेलें. स्वेर्द्रुपनें पद स्वीकारल्यापासून १२३ वर्षांनीं.

कोणी विचारील, मग १८८४ ही तारीख पुसून टाकावी काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. वहिवाटीसहि आरंभ असतो, आणि तो ९ जून १८८० च्या ठरावांत किंवा महाभियोगाच्या निकालांत नसून २६ जून १८८४ च्या तडजोडींतच आहे. आमचा आक्षेप त्या तारखेस सनद मानण्यावर आहे. तशी मानली म्हणजे १८८८ चा स्वेर्द्रुप आपल्याच सनदेचा भंग करणारा दिसतो, १८९३ चा राजा चोर दिसतो, आणि १९०५ चा ठराव केवळ एका संयोगाच्या मोडीचा कागद होऊन बसतो. वहिवाट मानली म्हणजे तिन्हीं घटना आपापल्या जागीं बसतात. एक तिची कसोटी, दुसरी तिचा अडथळा, तिसरी तिची सिद्धता.

स्वेर्द्रुपची थोरवी घोषणेंत शोधणारास तो शेवटीं लहान वाटेल, कारण घोषणेइतका तो कधींच वागला नाहीं. सर्व सत्ता सभागृहांत आणावी म्हणणाऱ्या या पुरुषानें ऐन जयाच्या क्षणीं राजाची मंजुरी मागून घेतली. ही त्याची दुर्बलता कीं शहाणपण? आमचा कौल शहाणपणाकडे आहे. हक्काचा निवाडा त्या उन्हाळ्यांत मागितला असता तर एका पक्षास उघड हार पत्करावी लागली असती, आणि हरलेल्या राजाजवळ लष्कर होतें. निवाडा काळावर सोंपविल्यामुळें कोणासहि हरल्याचें कबूल करावें लागलें नाहीं, आणि काळानें निकाल त्याच्याच बाजूनें दिला. तात्पर्य, संग्रहांत सनद सांपडत नसेल तेव्हां संशोधकानें निराश होऊं नये व खोटी सनदहि उभी करूं नये. कबजा कोणाचा, हरकत कोणीं व केव्हां घेतली, आणि हरकत घेणें कधीं थांबलें, हे तीन प्रश्न कागदांस विचारावे. स्वेर्द्रुपच्या बाबतींत या तिन्हींचीं उत्तरें मिळतात, आणि त्याच्या कीर्तीस तेवढीं पुरेशीं आहेत.